बोट उमटंना

माझ्या केबिनच्या दारावरची पाटी आजवर चार वेळा बदलली. १९९६ साली कोल्हापूरच्या सायबर संस्थेतून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात लागले, तेव्हा तिथे ‘पर्सोनेल’ लिहिलं होतं, आणि त्या इंग्रजी पाटीतलं एक अक्षर गळून पडलेलं होतं. पुढे ‘एचआरडी’ झालं. मग एका मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट यायचं होतं म्हणून घाईघाईत ‘ह्यूमन कॅपिटल’. शेवटची पाटी काचेवर चिकटवलेली, बारीक नाजूक अक्षरांत, ‘पीपल अँड कल्चर’. या सगळ्या काळात कामगारांनी मात्र त्या खोलीचं नाव एकदाही बदललं नाही. त्यांच्या लेखी ते ‘टायम हापिस’. हजेरी, पगार, फंड, रजा आणि मेमो जिथून येतो ती खोली. त्यांचं चुकत होतं असं मला कधी वाटलं नाही.

मराठीत या विषयाला आपण ‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ म्हणतो. सरकारी कागदावर ‘मानव संसाधन’ येतं, पण ते कागदावरच. बोलताना ‘मनुष्यबळ’च तोंडात येतं आणि मला तो शब्द आवडतो. साधन असतं ते वापरणाऱ्याचं. बळ असतं ते ज्याच्या दंडात आहे त्याचं. एवढा फरक शब्दाने आपणहून जपलाय, आपल्याला मात्र तो रोज विसरावा लागतो.

तर आबांची गोष्ट.

आबा आमच्याकडे मोल्डर. म्हणजे ओतकामाचा साचा तयार करणारे. हातकणंगले तालुक्यातल्या एका गावातून सायकलवर, मग लुनावर, मग मुलाच्या जुन्या स्प्लेंडरवर असे तिन्ही वाहनांवर त्यांना येताना मी पाहिलंय. वाळू तयार झाली की नाही हे पाहायला ते मूठभर वाळू घेत, आवळत, मुठीतला गोळा मधोमध मोडत आणि मोडलेली कड बघत. कड नीट राहिली तर ‘चालू दे’, भुगा झाला तर ‘पाणी मार’. शेजारी वाळू तपासायची लॅब झाली तरी मोल्डिंगची पोरं आधी आबांच्या मुठीकडे बघायची, मग लॅबच्या चिठ्ठीकडे.

२०११ साली आमच्याकडे बायोमेट्रिक हजेरी आली. त्याआधी पंचिंगचं कार्ड होतं, आणि एकाचं कार्ड दुसऱ्याने मारण्याची कला आमच्या लोकांनी बरीच पुढे नेली होती हे कबूल करायला हवं. त्यामुळे यंत्र बसवण्यात माझाही पुढाकार होता. गेटजवळ छोटी पेटी बसली, नोटीस लागली, तीन लेट मार्कांना अर्धा दिवस कापला जाईल हेही खाली ठळक अक्षरांत छापलं. पहिल्याच सकाळी पेटीपुढे रांग लागली. बोट ठेवायचं, आणि आतून एक बाई गोड आवाजात इंग्रजीत सांगायची, ‘प्लीज ट्राय अगेन’. दोन दिवसांत पोरांनी तिचं नाव ठेवलं: प्लीजबाई.

महिन्याअखेरीस माझ्या तक्त्यात एक गोष्ट उठून दिसली. ऑफिस, स्टोअर, मशीन शॉप सगळीकडे यंत्र सुरळीत. मोल्डिंग आणि फेटलिंगमध्ये (ओतून झालेला भाग घासून साफ करतात तिथे) मात्र निम्म्याहून जास्त माणसं रोज उशिरा. तीच माणसं, जी वर्षानुवर्षं सातच्या भोंग्याआधी दहा मिनिटं येऊन तंबाखू मळत बसायची. मी वरिष्ठांना अहवाल लिहिला. त्यात कारणाच्या रकान्यात मी जो शब्द लिहिला तो आम्हाला शिकवलेला होता, पुस्तकी होता आणि लिहिताना बोटाला अजिबात जड गेला नाही. ‘रेझिस्टन्स टू चेंज’. बदलास विरोध.

आबा चौथ्या लेट मार्कनंतर आले. खुर्चीवर बसले नाहीत. टेबलापाशी उभं राहून त्यांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे उलगडले.

‘‘ताई, बघा. हाय का काय?’’

मी बघितलं. बोटांची टोकं गुळगुळीत, काचेसारखी. मधेच भाजल्याचा पांढरा डाग. रेषा नव्हत्याच. वाळू, गरम लोखंड आणि फेटलिंगच्या ग्राइंडरची धूळ यांनी तीस वर्षांत त्या घासून नेल्या होत्या.

‘‘सात वाजायच्या आत मी त्या पेटीम्होरं हाय. अकरा येळा बोट ठेवलं आज. उमटंना. माझं बोट त्या बाईला कळंना, आन् तुमी म्हणताय मला बदल कळंना.’’

अहवाल पाठवून तीन दिवस झाले होते.

पुढचा भाग हसण्यासारखा आहे. यंत्रवाल्याने येऊन सांगितलं की दुसरी बोटं नोंदवून बघा, करंगळी कमी झिजते. खरंच डाव्या हाताची करंगळी उमटली. मग मोल्डिंगची अर्धी माणसं रोज सकाळी करंगळी वर करून रांगेत उभी. मशीन शॉपची पोरं ओरडायची, ‘‘आबा, हजेरीला चाललाय का लघवीला?’’ ज्यांची करंगळीही उमटली नाही त्यांना शेवटी कार्ड परत दिलं. विरोध संपला.

आबांनी पंजे दाखवले त्या रात्री मी उगाच शब्दकोश उघडला होता. आमच्या मासिक अहवालात ‘ॲट्रिशन’ नावाचा एक आकडा असतो, किती टक्के माणसं या महिन्यात सोडून गेली त्याचा. मूळ लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ आहे घासणं, घासून झिजणं. पंधरा वर्षं मी तो रकाना भरत होते.

*

बदलाला माणूस काय प्रतिसाद देतो याचं शास्त्र आहे आणि ते टाकाऊ नाही. अल्बर्ट हिर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली तीन वाटा सांगितल्या: सोडून जाणं, आवाज उठवणं, निष्ठेने थांबणं. पुढच्या अभ्यासकांनी चौथी जोडली, अंग काढून घेणं. आमच्याकडे या चारही वाटा रोज तुडवल्या जातात, फक्त नावं वेगळी. पहिली म्हणजे ‘चाकणला गेला’, पुण्याकडच्या कारखान्यांत. दुसरी म्हणजे गेट सभा, काळ्या फिती, फारच झालं तर टूल डाऊन, म्हणजे काम बंद. तिसरीला नावच नाही, कारण थांबलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही. आणि चौथी म्हणजे कोल्हापूरचं ते अजरामर वाक्य, ‘आपल्याला काय करायचंय?’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं की व्यवस्थापनाला हायसं वाटतं, वातावरण शांत झालं म्हणून. मला त्याची भीती वाटते. भांडणारा माणूस अजून आपला असतो.

आमच्या लोकांच्या भाषेबद्दल आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. आम्हा व्यवस्थापनवाल्यांच्या शब्दांना कर्ता नसतो. रीस्ट्रक्चरिंग झालं, राइटसायझिंग झालं, रीडिप्लॉयमेंट झाली. पाऊस झाला तसं. कामगारांची क्रियापदं बघा: कमी केलं. घरी बसवलं. फेटलिंगला टाकलं. ब्रेक दिला. त्या शेवटच्या शब्दात तर कायद्याचं अख्खं कलम मावलंय. वर्षात २४० दिवस काम भरलं की नोकरी सलग धरली जाते आणि त्यातून हक्क तयार होतात, म्हणून ते भरायच्या आत माणसाला काही दिवस बाहेर काढायचं, याला ब्रेक देणं म्हणतात. ही क्रियापदं उच्चारली की कुणीतरी कुणाचंतरी काहीतरी केलं हे लपत नाही. माझ्या हाताखाली आलेल्या नव्या मुलीला मी सांगत असे, पत्र इंग्रजीत लिही हरकत नाही, पण लिहिण्याआधी एकदा मनात ‘आम्ही याला काढतोय’ असं म्हणून बघ. तिला ते क्रूर वाटायचं. तसं ते आहेच.

*

२०१४च्या सुमारास नवी मोल्डिंग लाइन आली. आता हाताने साचा करायचं काम जवळजवळ संपणार होतं. त्याआधी सगळ्यांना ‘चेंज मॅनेजमेंट’चं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. पुण्याहून एक सल्लागार आले, हायवेवरच्या हॉटेलात हॉल घेतला, दुपारी पांढरा-तांबडा रस्सा ठेवला होता त्यामुळे हजेरी पूर्ण. पडद्यावर एक वक्ररेषा आली, घसरगुंडीसारखी खाली जाऊन पुन्हा वर चढणारी. धक्का, नकार, राग, नैराश्य आणि शेवटी वर, हिरव्या रंगात, स्वीकार. ‘‘तुम्ही आज या वक्रावर कुठे आहात?’’ असं त्यांनी विचारलं. एकेकाने उठून भिंतीवरच्या कागदावर ठिपका लावायचा होता.

बहुतेकांनी शेजाऱ्याने लावला तिथे लावला. आबांनी लावलाच नाही. ते म्हणाले, ‘‘साहेब, हितं ‘ही लाइन बसवायची का न्हाई’ असं कुठं लिवलंय ते दाखवा, तितं लावतो.’’ हॉल हसला. सल्लागारही हसले आणि त्यांनी आबांचा ठिपका स्वतःच ‘नकार’वर लावून टाकला.

हा वक्र आला कुठून हे मला माहीत होतं, म्हणून मला हसू आलं नाही. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली मांडलेल्या पाच अवस्थांवर तो बेतलेला आहे. त्या शिकागोत मरणासन्न रुग्णांशी बोलत असत, आणि पाच अवस्था होत्या त्या रुग्णांच्या. व्यवस्थापनाने ती यादी उचलली, तिची रेषा काढली आणि कारखान्यात आणून टांगली. मृत्यूपुढे शेवटी स्वीकार हीच एक पायरी उरते, ते समजू शकतं. पण नव्या लाइनीला, पाळीच्या वेळेला, पगाराच्या नव्या सूत्राला माणूस ‘नको’ म्हणू शकतो, ‘असं नको, तसं करा’ म्हणू शकतो, आणि कधीकधी त्याचंच बरोबर असतं. वक्रात त्याला जागा नाही. तिथे तुमचं म्हणणं हे म्हणणं राहत नाही, ते लक्षण होतं.

कुर्ट लेविनबद्दल मात्र माझं मत नरम आहे. जर्मनीतून १९३३मध्ये अमेरिकेत गेलेला हा मानसशास्त्रज्ञ. गोठलेलं वितळवायचं, हलवायचं, पुन्हा गोठवायचं, अशी बदलाची तीन पावलं त्याची. तो लेख १९४७ सालचा, आणि त्याच वर्षी तो वारला. सुपरवायझरांना मी हे शिकवत होते तेव्हा भट्टीवरचा एक मेल्टर मागून म्हणाला, ‘‘मॅडम, मेटल ओतल्यावर साच्यात किती येळ ठेवायचं ते सांगितलं का त्येनं?’’ फौंड्रीत हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. ओतायला काही सेकंद लागतात, पण निवायला तास जातात, आणि घाईने साचा फोडला तर जॉब, म्हणजे ओतलेला भाग, आतून ताणलेला राहतो, वाकतो, प्रसंगी तडकतो. शिवाय गोठताना लोखंड आकसतं, म्हणून ती भूक भागवायला वर राइझर ठेवतात, जास्तीच्या रसाचा साठा. बदलाच्या अंदाजपत्रकात राइझर कुठे असतो? उपमा इतकी बेमालूम जुळली की मला संशय यायला लागतो, म्हणून हेही सांगते: लोखंडाला संध्याकाळी घरी जायचं नसतं. त्याच्या घरी म्हैस नसते.

म्हशीचं सांगायलाच हवं.

त्या काळी रात्री दहा ते सकाळी सहा उद्योगांना वीज स्वस्त पडायची. इंडक्शन भट्टी म्हणजे विजेचा राक्षस, त्यामुळे मेल्टिंग रात्री आणि त्यामागोमाग मोल्डिंगची पहिली पाळी सातऐवजी पाचला, असा हिशेब अकाउंट्सने मांडला. कागदावर तो चोख होता. पाळी बदलायची म्हणजे औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ खाली २१ दिवसांची नोटीस द्यावी लागायची. १९४७च्या कायद्यात हे कलम १९५६ सालच्या दुरुस्तीने आलं, आणि आमच्या लोकांना ते तोंडपाठ. ‘नाईन-ए लागली’ एवढं म्हटलं की पुरे. आता तो कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता आली, पण बदलाच्या नोटिशीचे २१ दिवस तिच्यातही राहिलेत.

नोटीस लागताच गेट सभा झाली. घोषणा झाल्या. युनियनच्या पत्रात ‘कामगारांच्या आरोग्यास घातक’ असं छापून आलं. आमच्या बैठकीत कुणीतरी तोच जुना शब्द काढला, विरोध. या वेळी मी माझ्या बोटांवर विश्वास ठेवला नाही. डबा घेऊन कँटीनमध्ये मोल्डिंगवाल्यांच्या बाकावर जाऊन बसले. तीन दिवस इकडचं-तिकडचं, ऊस, सोयरिकी, कुठल्या पेठेने फुटबॉलचा सामना मारला, हेच. चौथ्या दिवशी एकाने सांगितलं.

पहाटे धार घरची बाई काढते. पण कॅन गाडीवर टाकून डेअरीला तोच नेतो. संस्थेचं संकलन सहानंतर सुरू होतं. फॅट लागते, चिठ्ठी मिळते, कॅन घरी टाकायची आणि तसंच कामावर. पाचला पाळी म्हणजे दूध कोण घालणार? म्हातारा बाप की सून? घरातला किराणा आणि पोरांची फी दुधाच्या बिलावर होती, पगार जायचा पीककर्जाला आणि घराच्या हप्त्याला. पण दुधासाठी पाळी नको हे युनियनच्या पत्रात कसं लिहायचं? लाज वाटते. आरोग्य लिहिलं की भारदस्त दिसतं.

उपाय त्यांनीच काढला. एकेका गावातून तिघं-चौघं येणारे. गावागणिक एकाने आठवडाभर सगळ्यांची कॅन संस्थेत पोचवायची आणि त्या आठवड्यात त्याची पाळी उशिराची. फिरती. आम्हाला करायचं होतं ते फक्त दहा-बारा माणसांना वेगळी वेळ देण्याचं. अकाउंट्सच्या हिशेबाला त्याने काही झालं नाही.

हे ऐकून मला एक जुना प्रयोग आठवला होता. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावी हारवूड नावाचा पायजमे शिवणारा कारखाना होता. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तिथला अभ्यास १९४८ साली छापला. कामाच्या पद्धतीत किरकोळ बदल करायचे होते. एका गटाला बैठक घेऊन बदल आणि नवा दर सांगून टाकला. त्यांचं उत्पादन घसरलं ते वर आलं नाही, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के माणसं सोडून गेली. दुसऱ्या काही गटांना बदल आखतानाच बसवून घेतलं. तिथली माणसं टिकली, आणि सगळ्यांना सामील करून घेतलेले गट तर जुन्या उत्पादनाच्याही पुढे गेले. आम्ही हे परीक्षेला लिहून गुण मिळवले होते. कँटीनच्या बाकावर बसायचं कुणी सांगितलं नव्हतं.

*

विरोध करणारा नेहमी शहाणाच असतो असं मी म्हणणार नाही. कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्याच्या आत बसणारा वाळूचा गाभा बनवतात तिथे, आम्ही पहिल्यांदा बायका घेतल्या तेव्हा जो काही गहजब झाला, त्यामागे म्हैस नव्हती की दूध नव्हतं. ‘बायकांनी हे काम करायचं नसतं’ एवढंच होतं, आणि ते म्हणणाऱ्यांत आबाही होते. तिथे मी एक दिवसही थांबले नाही. हे कोल्हापूर आहे. याच संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी नोकऱ्यांतल्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. नोकरभरतीच्या धोरणातला याहून मोठा बदल या गावाने पाहिलेला नाही, आणि ज्यांची मक्तेदारी जाणार होती त्यांनी त्याला विरोधही केला. तो विरोध समजून घेण्यासारखा असेल, मानण्यासारखा नव्हता. कुठला विरोध कसला, हे ओळखायला वक्र उपयोगी पडत नाही. कुणाचं काय जाणार आहे ते विचारत बसावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

नव्या लाइनीने मोल्डिंगची चौदा माणसं जादा ठरवली. काहींना मशीन शॉपला टाकलं, काहींनी हिशेब घेतला. आबांची तीनच वर्षं उरली होती, त्यांना वाळूच्या लॅबमध्ये मदतनीस केलं. यंत्राने आकडा दिला की तो वहीत लिहायचा. लॅबमधली मुलगी मला हळूच सांगायची, ‘‘मॅडम, ते आकडा लिहायच्या आधी अजून मूठ आवळून बघतात. आणि आकडा चुकीचा आला की मलाच पुन्हा टेस्ट लावायला सांगतात.’’ चुकीचा म्हणजे काय, असं मी विचारलं. ‘‘त्यांच्या मुठीपेक्षा वेगळा.’’ पुन्हा टेस्ट लावल्यावर काय निघतं हे मी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर आबा वर्षातून एकदा येत. फंडाची पेन्शन चालू राहायची तर दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तोही तेव्हा यंत्रावर, बोट ठेवून. पहिल्या वर्षी आम्ही दोघंही मनातून धास्तावलेलो. मी त्यांना गाडीत घालून सांगली फाट्याजवळच्या सेवा केंद्रात घेऊन गेले. वाटेत ते म्हणाले, ‘‘जित्ता हाय हे मी सांगून चालंना म्हणा.’’ गुडघ्यांमुळे त्यांनी म्हैस विकली होती, शेत भावाकडे दिलं होतं. दिवसभर कट्ट्यावर बसणं, एवढंच काम.

केंद्रातला पोरगा म्हणाला, ‘‘आजोबा, अंगठा ठेवा.’’ आबांनी सवयीने डावी करंगळी पुढे केली. ‘‘करंगळी नको, अंगठा.’’

त्यांनी उजवा अंगठा सदऱ्याला पुसला, पेटीवर ठेवला आणि मान दुसरीकडे फिरवली.

‘‘झालं,’’ पोरगा म्हणाला.

‘‘काय झालं?’’

‘‘उमटलं की.’’

आबांनी अंगठा उचलून उजेडात धरला. मीही वाकून पाहिलं. बारीक, नव्या, लहान पोरासारख्या रेषा. वाळूपासून सुटल्यावर कातडीने आपल्या आपण पुन्हा काढलेल्या.

‘‘ताई, हे आलं कुठनं?’’ ते म्हणाले. आणि मग उरलेली नऊही बोटं एकेक करून बघत बसले. मागे रांग होती. पोरगा म्हणाला, ‘‘आजोबा, सरका की जरा.’’